बांधावरची रास्ना, नोंदवहीतले नाव

सिंगापूरच्या जेम नर्सरीने १९६३ साली एका संकरित ऑर्किडची नोंद केली आणि त्याचे नाव ठेवले वांडा मिमी पामर. तपकिरी छटेच्या जाळीदार पाकळ्या, जांभळट ओठ आणि गोड, लांबवर पोचणारा वास. मोठ्या, भडक रंगांच्या पण बिनवासाच्या वांडांच्या गर्दीत हे फूल त्याच्या वासामुळे उठून दिसले. पुढे मलेशियातल्या संशोधकांनी त्याच्या गंधामागच्या जनुकांचा अभ्यासही केला. या फुलाचा एक पालक म्हणजे वांडा तान चे यान, हा सिंगापुरातलाच आणखी एक संकर. दुसरा पालक वांडा टेसेलाटा, म्हणजे आपल्याकडची रास्ना. वास आला तो तिच्याकडूनच.

रास्ना ही काही सह्याद्रीच्या धुक्यात दडलेली दुर्मीळ वनस्पती नव्हे. भारताच्या कोरड्या, पानगळीच्या प्रदेशात ती सर्वदूर आहे आणि मराठवाड्यातही ती जुन्या झाडांच्या खरबरीत सालीला धरून वाढते. पानांच्या दोन ओळी, पट्ट्यासारखी जाड आणि मधोमध दुमडलेली पाने, त्यांची टोके उंदराने कुरतडल्यासारखी, आणि करंगळीएवढ्या जाड राखाडी मुळ्या हवेत लोंबणाऱ्या. झाडाच्या रसावर ती जगत नाही. बांडगूळ म्हणून तिला तोडून टाकणारे लोक आजही भेटतात, पण तिला झाडाकडून हवी असते ती फक्त बसायला जागा. पाणी ती पावसातून आणि दवातून घेते, अन्न स्वतःच्या पानांत तयार करते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर तिला तुरा येतो. चार-पाच सेंटिमीटरची फुले, आतून पिवळट-हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी रेघांचे जाळे, बाहेरून त्याच पाकळ्या पांढऱ्या, आणि पुढे आलेला जांभळा-निळा ओठ. विल्यम रॉक्सबर्गने १७९५ मध्ये या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन केले. आज जगभर हजारो संकरांत मिरवणाऱ्या वांडा या प्रजातीची ओळख याच जातीवरून पक्की झाली आहे.

आयुर्वेदात रास्ना म्हणून नेमकी कोणती वनस्पती घ्यायची याबद्दल प्रांतोप्रांती मतभेद आहेत. उत्तरेत एक, दक्षिणेत दुसरी, आणि पूर्वेकडे हे ऑर्किड वापरतात. त्यामुळे औषधासाठी तिच्या मुळ्या ओरबाडल्या जातात आणि फुलाकडे कुणी पाहत नाही. हे बदलायला हवे, आणि बदलण्याचा एक आनंदाचा मार्ग म्हणजे हौशी संकर.

परभणीला संकराची गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. इथल्या शेतकऱ्याला नुसते ‘हायब्रीड’ म्हटले तरी ज्वारी डोळ्यांसमोर येते. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी प्रसारित झाली आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी संकरित ज्वारीचा हिरिरीने पुरस्कार केला. परभणीचे कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी सुरू झाले आणि २०१३ पासून ते नाईकांच्याच नावाने ओळखले जाते. या विद्यापीठाने गावाचे नाव वाणांना दिले. ‘परभणी मोती’ ही ज्वारी, ‘परभणी शक्ती’ ही इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साह्याने तयार झालेली आणि २०१८ मध्ये प्रसारित झालेली लोह-जस्तयुक्त ज्वारी, आणि सगळ्यांत गाजलेली भेंडी ‘परभणी क्रांती’.

क्रांतीची कहाणी ऑर्किडच्या हौशी माणसाने मुद्दाम वाचावी अशी आहे. भेंडीवर पिवळ्या शिरांचा केवडा म्हणजे यलो व्हेन मोझॅक हा विषाणू येतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, फळे पांढुरकी आणि राठ होतात. त्या काळी सर्वत्र लावली जाणारी पुसा सावनी ही जात या रोगाला बळी पडू लागली होती. एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर या विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या एका रोगप्रतिकारक्षम भाऊबंदाशी, अबेल्मॉस्कस मॅनिहॉट या जातीशी केला. वेगळ्या जातींच्या अशा संकराची पहिली पिढी बीज धरायला फार कुरकुरते. म्हणून ती पुन्हा पुन्हा भेंडीशी जोडत, पिढ्यामागून पिढ्या निवड करत त्यांनी फळ भेंडीचे आणि प्रतिकारशक्ती रानटी भाऊबंदाची असा वाण उभा केला. १९८६ मध्ये ‘हॉर्टसायन्स’ या नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध झाली. काळाच्या ओघात विषाणूने या प्रतिकारावरही मात केली ही गोष्ट खरी, पण भेंडी घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी हे नाव देशभर गेले. योगायोग असा की, जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनी आपला बियाण्यांचा व्यवसाय सुरू केला तोही पुसा सावनी भेंडीपासूनच. त्यांची महिको कंपनी १९६४ ची.

पुढे मराठवाड्यातल्या कपाशी-भेंडीच्या बीजोत्पादन प्लॉटवर हजारो बायाबापड्यांची बोटे संकराच्या कामात तयार झाली. संध्याकाळी कळी सोलून पुंकेसर काढायचे, सकाळी पराग लावायचा, देठाला दोरा बांधायचा. ऑर्किडचा संकर याहून सोपा आहे.

कारण ऑर्किडच्या फुलात पुंकेसर सुटे नसतात. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकजीव होऊन मधोमध एक आखूड स्तंभ तयार झालेला असतो. रास्नाचे फूल हातात धरून जवळून पाहिले तर या स्तंभाच्या टोकाला एक इवलीशी टोपी दिसते. दातकोरण्याचे टोक तिच्या कडेखाली घालून अलगद वर उचलले की टोपी निघते आणि तिच्याखालून दोन पिवळे, टणक, मेणचट गोळे दातकोरण्याला चिकटून बाहेर येतात. त्यांच्या बुडाशी चिकट चकती असते, ती एरवी कीटकाच्या अंगाला चिकटते. हे गोळे म्हणजे परागपुंज. एका फुलातला सगळा पराग याच दोन गोळ्यांत असतो, भुकटी उडत नाही, चुकून दुसरीकडे पडत नाही. स्तंभाच्या पुढच्या अंगाला, टोपीच्या जरा खाली, एक खळगा असतो आणि त्यात चमकणारा चिकट द्रव. ही कुक्षी. ज्या फुलावर बी धरायचे त्याचे स्वतःचे परागपुंज आधी काढून टाकायचे आणि दुसऱ्या झाडाचे परागपुंज या खळग्यात दाबून बसवायचे. काम झाले. दोन-चार दिवसांत फूल मिटते, मागचा देठ फुगू लागतो. त्याच क्षणी चिठ्ठी बांधावी. तारीख, आधी आईचे नाव, मग बापाचे. ऑर्किडच्या जगात आईचे नाव आधी लिहिण्याचा दंडक आहे आणि चिठ्ठी नसलेल्या संकराला पुढे काहीच किंमत राहत नाही.

हौशी माणसाने रास्नाचे झाड काढून आणू नये, हे इथेच ठासून सांगायला हवे. जंगलातून ती परवानगीशिवाय काढणे गुन्हा आहे, आणि ऑर्किडचे जवळजवळ सगळे कूळ साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराखाली येते. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्याची गरजच नाही. शेताच्या बांधावरच्या आंब्यावर रास्ना फुलली असेल तर एका फुलातले परागपुंज पुरतात. घडी घातलेल्या कागदात ते ठेवले, कागद सिलिका जेलच्या पुडीसह छोट्या डबीत घातला आणि डबी फ्रिजमध्ये ठेवली, तर ते काही आठवडे, कित्येकदा काही महिनेही टिकतात. दरम्यान गच्चीवर नर्सरीतून आणलेला एखादा थाई वांडा फुलतो आणि जोडी जमते. रास्ना झाडावर, संकर गच्चीवर. मिमी पामरसारख्या संकरात रास्नाने जे दिले, ते देण्यासाठी तिला आपली जागा सोडावी लागत नाही.

आता बियांकडे. वांडाची शेंग पिकायला नऊ महिने ते वर्ष लागते आणि एका शेंगेत बिया लाखांत मोजाव्या लागतात. पण त्या धुळीएवढ्या असतात आणि अंकुराला पुरेल असे अन्न त्यांच्यात साठवलेले नसते. निसर्गात एखादी बुरशी बीत शिरते आणि तिला अन्न पुरवते, तेव्हाच ती रुजते. हे कोडे फ्रान्समध्ये नोएल बर्नार याने १८९९ मध्ये सोडवले. त्यानंतर १९२२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नडसन याने दाखवून दिले की, साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर ऑर्किडची बी बुरशीवाचूनही रुजते. आजचा सगळा ऑर्किडचा व्यापार आणि सगळी हौस या शोधावर उभी आहे.

मराठवाड्यात हे तंत्र अगदी परके नाही. अर्धापूरपासून वसमतपर्यंत केळी लावणारा शेतकरी ‘टिश्यूची रोपे’ मागवतो, ती अशाच निर्जंतुक बाटल्यांत वाढलेली असतात. घरी करायचे तर प्रेशर कुकर, काचेच्या बरण्या, आगर, साखर, नारळाचे पाणी, थोडे केळे, आणि बियांना किंवा हिरव्या शेंगेला धुण्यासाठी ब्लीच एवढ्यात भागते. बरणीतले माध्यम कुकरमध्ये चांगले वीस मिनिटे वाफवायचे. खरी कसोटी स्वच्छतेची. एक बुरशीचा ठिपका पडला की बरणी गेली. म्हणून निम्म्या बरण्या फुकट जातील असे धरूनच पेरणी करावी. ज्यांना ही धडपड नको, त्यांनी हिरवी शेंग एखाद्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेला द्यावी.

बरणीत एक-दोन वर्षे, बाहेर आणखी तीन ते पाच. पराग लावल्यापासून पहिले फूल दिसेपर्यंत पाच-सात वर्षे सहज जातात. या हौशीत घाई करणारा टिकत नाही, पण दरवर्षी एक-दोन संकर करत राहिले तर काही वर्षांनी प्रत्येक हंगामात काहीतरी पहिल्यांदा फुलत राहते.

परभणीच्या हवेत वांडा टिकतो का, हा प्रश्न रास्त आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो, हवेतली आर्द्रता अगदी खाली येते. हिवाळ्यात काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरला आहे. थायलंडहून येणारे मोठ्या फुलांचे वांडा दमट हवेत वाढलेले. त्यांना इथला मे महिना आणि इथली जानेवारीतली पहाट दोन्ही जड जातात. रास्ना मात्र हे दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या झाडावर उघड्याने सोसते. म्हणूनच परभणीच्या हौशी माणसाने तिलाच पालक म्हणून निवडावे. तिची फुले लहान आणि रंग मळकट असतात, हा तिचा दोष संकरात उतरतो. पण वास, ओठाचा जांभळा-निळा रंग, लहान बांधा आणि कोरड्या हवेतला चिवटपणा हे तिचे गुण आहेत. मोठ्या निळ्या वांडाशी तिचा संकर करताना फुलाचा आकार कमी होणार हे मान्य करून चालावे लागते.

रोज लागणारी काळजी तशी थोडीच असते, पण ती चुकवून चालत नाही. वांडाला माती नको. लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत चार कोळशाचे तुकडे टाकून झाड त्यात अडकवावे किंवा नुसते तारेला टांगावे, मुळ्या मोकळ्या हव्यात. मुळ्यांचा रंग हा पाण्याचा उत्तम निदर्शक. कोरड्या असताना त्या चंदेरी-राखाडी दिसतात आणि भिजल्या की हिरव्या होतात. पूर्ण हिरव्या होईपर्यंत पाणी मारायचे, पुन्हा राखाडी होऊ द्यायचे. उन्हाळ्यात हे दिवसातून दोनदा, थंडीत सकाळी उशिरा एकदाच. बोअरचे पाणी इथे बहुधा जड असते, त्यातले क्षार मुळ्यांवर पांढरे साचतात, तेव्हा पावसाळ्यात छतावरचे पाणी टाकीत भरून ठेवणे उत्तम. पन्नास ते पंचाहत्तर टक्के सावलीची शेडनेट, उन्हाळ्यात पश्चिमेला ओले गोणपाट, आणि आठवड्यातून एकदा ठिबकवाल्यांच्या दुकानातले एकोणीस-एकोणीस-एकोणीस, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. त्यापुढे जाऊ नये. कपाशीला द्यायच्या हाताने ऑर्किडला खत दिले तर मुळ्यांची टोके जळतात.

संकर फुलला की खरी गंमत सुरू होते, कारण त्याला नाव द्यायचे असते आणि ऑर्किडच्या जगात नाव हा मनमानीचा मामला नाही. पहिला कृत्रिम ऑर्किड संकर इंग्लंडमध्ये व्हीच यांच्या एक्सेटर नर्सरीत जॉन डॉमिनी या माळ्याने केला आणि १८५६ मध्ये तो फुलला. कलँथे डॉमिनीआय हे नाव त्याच माळ्यावरून. पुढे संकरांची संख्या वाढली तशी नावांचा गोंधळ झाला. फ्रेडरिक सँडर या व्यापाऱ्याने १९०६ मध्ये संकरांची यादी छापायला सुरुवात केली. १९६१ पासून ही नोंदवही लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी सांभाळते. आज तिच्यात एक लाखाहून अधिक संकर आहेत. प्रत्येक संकराच्या नोंदीत आई आणि बाप लिहिलेले असतात, आणि त्यांच्या नोंदीत त्यांचे आईबाप. असे मागे मागे गेले की शेवटी रानातल्या जाती लागतात. एवढी सलग वंशावळ गुलाबालाही नाही.

नियम मात्र नीट समजून घ्यावेत. दोन विशिष्ट पालकांच्या सर्व संततीला मिळून एकच नाव असते, त्याला ग्रेक्स म्हणतात. संकर परभणीत केला काय किंवा बँकॉकमध्ये, आई कोण आणि बाप कोण याची अदलाबदल झाली काय, पालक तेच असतील तर नाव तेच. म्हणजे रास्ना आणि तान चे यान यांचा संकर कुणी आज केला तर तो मिमी पामरच. एकाच शेंगेतली भावंडे मात्र एकमेकांसारखी नसतात, एखादे विशेष सुंदर निघते. त्या एका झाडाला आणि त्याच्या फुटव्यांना वेगळे व्यक्तिनाव देता येते, ते एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात.

सिंगापूरच्या ॲग्नेस जोकिम यांचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. अर्मेनियन कुटुंबातल्या या बाईंना बागकामाची हौस होती. त्यांनी दोन जातींचा संकर करून फुलवलेल्या ऑर्किडचे वर्णन तिथल्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख हेन्री रिडली यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याला वांडा मिस जोकिम असे नाव दिले. १८९९ मध्ये सिंगापूरच्या पुष्पप्रदर्शनात त्या फुलाला पहिले बक्षीस मिळाले आणि त्याच वर्षी ॲग्नेस वारल्या. १५ एप्रिल १९८१ रोजी हे फूल सिंगापूरचे राष्ट्रीय फूल जाहीर झाले. पुढे शास्त्रज्ञांनी त्याचे पालक वांडातून काढून पॅपिलिओनँथे या प्रजातीत टाकले, तेव्हा संकराच्या नावातला प्रजातीचा शब्दही बदलला. ‘मिस जोकिम’ मात्र तसेच राहिले, आणि मूळ झाड ‘ॲग्नेस’ या व्यक्तिनावाने ओळखले जाते. प्रजाती बदलते, ग्रेक्सचे नाव सुटत नाही. घरच्या बागेत काम करणाऱ्या एका हौशी बाईचे नाव देशाच्या राष्ट्रीय फुलात कायमचे गेले.

नोंद करायची तर संकर फुललेला असावा लागतो. अर्ज संकर करणाऱ्याने किंवा त्याच्या परवानगीने करायचा, फुलाचे छायाचित्र आणि वर्णन जोडायचे, थोडे शुल्क भरायचे. नाव तीन शब्दांपेक्षा मोठे नको, लॅटिन नको, आधी त्याच प्रजातीत दिलेले नको, आणि हयात व्यक्तीचे असेल तर तिची संमती हवी. नाव रोमन लिपीत जाते, म्हणून उच्चाराला सोपे निवडावे. सिंगापूर पाहुण्यांच्या नावाने संकर नोंदवते. जून २०१८ मध्ये तिथे एका डेंड्रोबियमला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचे नाव दिले गेले. परभणीच्या माणसाला नावासाठी कुठे लांब जायला नको. गंगाखेडच्या जनाबाई आहेत, दुधना आहे, पूर्णा आहे, येलदरी आहे. मात्र नोंदवही इंटरनेटवर कुणालाही पाहता येते, तेव्हा आधी दोन्ही पालकांची जोडी तिच्यात तपासावी. जोडी आधीच नोंदलेली असेल तर नवे नाव मिळत नाही, पण चांगल्या झाडाला व्यक्तिनाव तरी देता येते.

पहिला अर्ज भरणाऱ्यांना एक विनंती. नोंदवहीत पालकांची नावे जातात, पण रास्ना कोणत्या गावच्या, कोणत्या झाडावरची होती हे तिथे लिहिण्याची सोय नाही. ते आपल्या वहीत लिहून ठेवा. गाव, शिवार, कोणत्या जातीचे झाड, फुलण्याचा महिना, वास कसा होता, हे सगळे. आणि जमल्यास त्या वहीची एक प्रत परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या उद्यानविद्या विभागाकडे द्या.